गोदामाची मागची भिंत

चेंडू भिंतीवर आपटून परत आला, पण जयवंताने फळी उचललीच नाही. गुडघ्यांवर हात टेकून तो वाकला होता, खोकत होता. चेंडूचा एक टप्पा पडला, दुसरा पडला आणि तो घरंगळत बाभळीखाली गेला.

"मेला, मेला! जयवंता मेला!" पोट्टे ओरडले.

दोन टप्पे पडायच्या आत चेंडू मारता आला नाही, तर त्याला मेला म्हणायची रीतच होती. वाईट कोणी बोलत नव्हतं. तरी उकंडा माळ्याच्या अंगावर काटा आला.

"गप बसा बे!"

"खेळातलं तं बोलून राहिलो, मामा."

"गप बसा मनलं ना!"

जयवंताने हसायचा प्रयत्न केला. अठरा वर्षांचा पोरगा. मागच्या दिवाळीत या भिंतीसमोर त्याला कोणी हरवू शकत नव्हतं. आता चार टोले मारले की तो बसायला जागा शोधायचा.

उकंडाची कहाणी फार मोठी नाही. तरुणपणी तो परतवाड्याच्या छावणीत चेंडू वेचायला होता. साहेब लोक उंच भिंतीसमोर उभे राहून आतड्याची तात विणलेल्या फळ्यांनी चेंडू हाणत. उकंडाने धावून चेंडू आणावा, फाटला तर शिवावा, पण मारायचा नाही. साहेब जेवायला गेले की तो चोरून दोन टोले मारून घ्यायचा. एकदा सापडला. छडी खाल्ली, नोकरी गेली आणि डोक्यात एक खूळ घेऊन तो अमरावतीला घरच्या भाजीच्या वाडीत परतला: आपल्या गावच्या पोरांनी हा खेळ खेळायचा, अन् कोणाला न विचारता खेळायचा.

खूळ चांगलं होतं. चांगल्या खुळापायीच माणूस जास्त पाप करतो. वाईट माणसाला आपण काय करतोय ते निदान ठाऊक तरी असतं.

फळ्या त्याने कडुलिंबाच्या लाकडाच्या तासल्या. सुतळीचा गुंडा घट्ट आवळून वर बकऱ्याचं कातडं शिवलं, चेंडू झाला. भिंत मात्र कुठून आणणार? गाव मातीच्या घरांचं. भिंत आणली कापसाने. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई पेटली, विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. रेच्यावर सरकी काढणाऱ्या बाईच्या लुगड्याचं ठिगळ मात्र होतं तिथेच राहिलं. कापसाला भाव आला म्हणजे माणसाला भाव आला, असं ज्या शहाण्यांना वाटतं, त्यांनी त्या सालात अमरावतीच्या बाजारात एक दिवस हमाली करायला हवी होती.

नागपुरी दरवाज्याबाहेर एका शेठने दगडी गोदाम बांधलं. त्याची मागची भिंत उंच, चुन्याने घोटलेली, आरशासारखी. ती पाहून उकंडाचे डोळे भरून आले. हात जोडून तो शेठच्या मुनीमाकडे, महादेवरावाकडे गेला.

"भिंत काय फुकटची हाये काय बे?" महादेवराव म्हणाला. "मले तुडवे पाह्यजेत. हंगामापुरते तुहे पोट्टे दे, अन् सालभर भिंत वापर."

उकंडाने दिले.

रुई तुडवायचं काम असं असे. खड्ड्यावर गोणपाटाचा मोठा बोरा तोंड ताणून टांगायचा. एकाने आत उतरायचं. वरून रुई पडत राहायची आणि त्याने नाचत नाचत ती दाबायची. बोरा भरत जाई तसा माणूस वर येई. तोवर धूळ आणि तूस नाकातोंडात. खेळून पाय तयार झालेली पोरं या कामाला नामी. जयवंता सगळ्यांत नामी.

दुसरीकडे भिंतीसमोर गर्दी वाढत होती. माळ्यांची पोरं आली, कुणब्यांची आली, बाजारातल्या पिंजाऱ्याचा मुलगा आला. संध्याकाळी टोल्यांचा आवाज दरवाज्यापर्यंत जायचा आणि उकंडाची छाती फुगायची.

जयवंताचा खोकला मात्र पावसाळा संपला तरी गेला नव्हता. आता कापसाची पहिली वेचणी सुरू झाली होती.

चेंडू हुकला त्या दिवशी जयवंता बाभळीखाली बसलेला असतानाच महादेवराव आला. खेळणाऱ्या पोरांकडे त्याने गिऱ्हाईक बैलांकडे पाहतं तसं पाहिलं.

"वा रे उकंडा! लय पोट्टे जमवले तुनं."

"येऊन राहिले मुनीमजी, आपल्या पायानं."

"पायच तं पाहून राहिलो. यंदा दुप्पट दे. अकोल्याच्या गोदामालेबी तुडवे पाह्यजेत."

उकंडा भिंतीसमोरची पोरं मोजू लागला. जितकी पोरं खेळायला आणू तितकी बोऱ्यात जाणार. इतकी साधी गोष्ट, पण ती कळायला त्याला मुनीमाचं तोंड लागलं.

"यंदा पोट्टे नाई जमणार."

"मंग भिंतबी नाई जमणार. बाभळीचे काटे टाकून देतो उद्या."

"इचार करून सांगतो," उकंडा म्हणाला.

विचार करण्यासारखं काय होतं त्यात? वाक्य तोंडातून निघालं आणि त्याला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. जयवंता ऐकत होता. तो उठला आणि घराकडे चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडा वाडीत वांग्यांना पाणी देत होता. जयवंताची आई पार्बताबाई बांधावर येऊन उभी राहिली. विधवा बाई, बाजारात फुलं विकायची.

"उकंडाभाऊ, मुनीम काय मने?"

"भिंतीचं बोलत होता."

"भिंतीचं का पोट्ट्यांचं?"

उकंडाने पाण्याचा दांड मोडला. पाणी भलत्याच वाफ्यात शिरलं.

"माहा पोरगा होळीपासून खोकलून राहिला," ती म्हणाली. "तुमाले दिसलं नसंन, मनून सांगाले आली. यंदा त्याले धाडू नोका."

एवढ्यावर तिने सोडलं होतं. तो मान हलवून मोकळा होऊ शकला असता.

"होळीपासून नाई, बाई," तो म्हणाला. "माघापासून."

"तुमाले काय मालूम?"

"माह्याजोळ आलता थो. 'मामा, छातीत जड लागते, उद्यापासून नाई जात,' मने. मी त्याच्या तोंडात गुळाचा खडा देला. मनलं, होळीपावतो काढ. तू सुटला तं बाकीचे सुटतीन, भिंत जाईन. थो गेला. माह्या शब्दावर गेला."



"मी तक्रार घेऊन आली होती भाऊ," ती म्हणाली. "तेवढ्यापुरत्या शिव्या घरून जमवून आणल्या होत्या. तुमी तं तिच्याहून मोठी गोष्ट सांगतली. आता माह्याजोळ तेवढी शिवीच नाई."

"मार मले, बाई."

"मारल्यानं त्याचा दम येते काय? नोका सांगू मले असं. स्वताले मार खाऊन हलकं व्हाचं हाये तुमाले." तिने पदर खोचला. "माहा लहाना गोंदू रोज फळी घेऊन पयते तथी. भाऊ खोकलते अन् थो भिंतीकडं पयते. काय करू? कोंडून ठेवू? खेळू नोको, हेबी मीच मनू?"

"नाई. खेळू द्या त्याले."

"खेळंन. पण बोऱ्यात नाई जाणार. कोणाचंच पोट्टं नाई जाणार. कसं ते तुमी पाहा. भिंत तुमी आणली."

ती गेली. भलत्या वाफ्यात पाणी तुंबलं होतं. उकंडाने दांड बांधला आणि पाय न धुताच गोदामाची वाट धरली.

"पोट्टे नाई मुनीमजी. मी उतरतो."

महादेवराव पोट धरून हसला. "तू? बुढा नाचंन आता?"

"अकोल्याचं तुमी पाहा. इथला एक खड्डा माहा, सारा हंगाम. मजुरी नोको. भिंत पाह्यजे."

मुनीमाचं हसू थांबलं. फुकट मिळणाऱ्या माणसाला नको म्हणणारा व्यापारी अजून जन्मायचा आहे.

"वर गेला तं माह्यावर नाई."

"नाई."

"अन् पोट्टे आपल्या पायानं आले तं मी वापस धाडणार नाई."

"मी इथंच हाओ. त्यायचं मी पाहीन."

हमालांनी हाताला धरून त्याला बोऱ्यात सोडलं. आत गोणपाटाचा वास आणि अंधार. वर छपराचा एक गोल तुकडा. रुईचा पहिला भारा डोक्यावर पडला आणि तो तुकडाही गेला. उकंडाने पाय उचलला, ठेवला. दुसरा उचलला. थोड्याच वेळात घसा कोरडा झाला, मग छातीवर कोणी बसल्यासारखं झालं. जड लागते, म्हणजे असं लागते तर. पोराने शब्द बरोबर वापरला होता. आपण तो ऐकला होता, नीट ऐकला होता. उकंडा तुडवत राहिला.

दुपारनंतर भिंतीपलीकडे पहिला टोला पडला. मग दुसरा. हळूहळू बोरा भरला, तो वर आला, डोकं बाहेर निघालं, खांदे निघाले. हमालांनी त्याला ओढून काढलं. भिंतीला धरून धरून तो गोदामाच्या मागे आला.

पोरं थबकली. डोक्यापासून नखापर्यंत पांढरा झालेला माणूस पाहून गोंदू खिदळला.

"मामाले बोंड आलं रे!"

सगळे हसले. उकंडाही हसायला गेला आणि हसण्यातूनच त्याला खोकला लागला. पाठ फिरवून, तोंडावर हात दाबून तो खोकला. हसू विरलं. फळ्या खाली आल्या.

जयवंता बाभळीखाली बसला होता. मामाच्या पाठीकडे त्याने पाहिलं. जवळ गेला नाही. पाणी विचारलं नाही.

"थांबले कावून बे?" तो पोरांवर ओरडला, आणि तेवढ्यानेच त्याला धाप लागली. "खेळा!"

गोंदूने चेंडू उचलला. आतून हमालाची हाक आली. उकंडाच्या खड्ड्यावर दुसरा बोरा टांगून झाला होता.