विनंती थांबा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. शिरड शहापूरजवळच्या तांड्याच्या फाट्यावर माझं आयुष्य गेलं. माझ्या अंगावर दोनच शब्द आहेत, 'विनंती थांबा'.

माझा जन्म एसटीच्या कार्यशाळेत झाला. मोडीत निघालेल्या एका बसचा मी तुकडा. पेंटरने मला पिवळा रंग दिला, वर काळी अक्षरं काढली आणि खांबावर चढवून मला इथे रोवलं. धावणं माझ्या रक्तात होतं, पण नशिबी आलं उभं राहणं. सुरुवातीला फार राग यायचा.

तांड्याचे प्रमुख वसराम नाईक यांनी माझ्यावरची अक्षरं सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. विनंती म्हणजे हात जोडणं, असा अर्थ त्यांनी लावला. झालं! दुसऱ्या दिवशी कामाला निघालेली सगळी माणसं हात जोडून उभी. ड्रायव्हरला वाटलं, लोक नमस्कार करताहेत. त्यानेही हसून एक हात कपाळाला लावला आणि गाडी निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या फेरीला कंडक्टर चांगुणाताईंनी मुद्दाम गाडी थांबवली. "अवो, हात जोडायचे न्हाईत, हात दाखवायचा!" त्या म्हणाल्या. तेव्हापासून फाट्यावर रीतच पडली. आधी हात दाखवायचा आणि गाडी थांबली की हात जोडायचे.

तांड्यातली रूपाबाई रोज वसमतला हळद निवडायला जायची. खासगी जीप भरल्याशिवाय हलत नसे, आणि भाडंही जास्त. "निम्मी मजुरी जीपमधीच बसून जाती," असं ती म्हणायची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा तिला हायसं वाटलं. दसऱ्याला लोक आपापल्या अवजारांची पूजा करतात. रूपाबाई पदराने माझी धूळ पुसून मला झेंडू वाहायची. त्या दिवशी उभं राहण्याचा माझा राग कुठल्या कुठे पळायचा.

पुढे तिचे गुडघे गेले. तिच्या जागी तिची लेक रीता कामाला जाऊ लागली. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

मग रस्ता रुंद झाला. मशीनने मला खांबासकट उपटलं. खांब भंगारात गेला आणि मी नालीत पडलो. काळाभोर, गुळगुळीत रस्ता झाला, मित्रांनो, पण तांड्याच्या माणसांसमोर गाडी थांबेना. नवा ड्रायव्हर खिडकीतून ओरडायचा, "इथं थांबा न्हाई!" रीता धावतपळत पुढच्या गावापर्यंत जाई आणि उशिरा पोचे. शेवटी मुकादमाने तिला बजावलं, "उद्या उशीर झाला तर येऊच नको."

तांड्यात आईला याडी म्हणतात. त्या संध्याकाळी चालत फाट्यावर आलेली रीता रडत म्हणाली, "याडी, काम गेलं तर खायाचं काय?" लेकीची वाट पाहत बसलेल्या रूपाबाईने तिचे डोळे पुसले आणि खाली माझ्याकडे पाहिलं. नालीत पडल्या पडल्या मी सगळं ऐकत होतो.

सकाळी रूपाबाईच नालीत उतरली. तिने मला उचललं, पदराने पुसलं आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. गाडी आली आणि थांबली. "काहून थांबत न्हाई रे बाबा? हा बघ थांबा," रूपाबाई म्हणाली. ड्रायव्हरने मान खाली घातली. रीता चढली. तिचं काम वाचलं.

वसराम नाईकांनी मला नव्या खांबावर पुन्हा रोवून पाहिलं. बिगरपरवानगीचा खांब म्हणून रस्ते खात्याच्या लोकांनी तो काढून टाकला. अर्ज दिले. 'बोर्ड येईल,' असं उत्तर मिळालं. तो अजून यायचाच आहे. तोवर रूपाबाईच माझा खांब झाली आहे. ऊन असो की थंडी, ती गुडघे धरून फाट्यापर्यंत येते आणि मला घेऊन उभी राहते.

मित्रांनो, गाडीवाल्यांच्या रस्त्याची काळजी सगळे घेतात. पायी चालत थांब्यावर येणाऱ्यांचीही घ्या. जन्मभर मी इतरांसाठी विनंती केली. आज पहिल्यांदा स्वतःसाठी करतो. मला एक खांब द्या. गाडी थांबल्यावर हात जोडायची रूपाबाईची जुनी रीत आहे. पण मला धरल्यापासून तिला हात जोडता आलेले नाहीत.