पाखऱ्याचे शेवटचे पान

मी एक जुना चित्रकथेचा अंक आहे, आणि मित्रांनो, माझे शेवटचे पान फाटलेले आहे. हे आधीच सांगून टाकतो. मागून कुणी कपाळाला आठ्या घालायला नकोत.

'गुलबा टांगेवाला' या मालिकेतला मी चौदावा अंक. गुलबा आणि त्याचा घोडा पाखऱ्या यांच्यावर तेव्हा पोरे जीव टाकत. अमळनेरला एसटी स्टँडजवळ सुकदेवनानांचे वाचनालय होते. अंक घरी न्यायचा नाही, बाकावर बसूनच वाचायचा. पानाचा कोपरा कुणी मुडपला, की त्याचा कान नानांच्या हातात!

आणि त्याच नानांनी माझे शेवटचे पान फाडले. मी आलो त्याच सकाळी, दार उघडण्याआधी त्यांनी मला वाचले आणि टर्रकन पान ओढले. मुले आल्यावर म्हणाले, "छापखानानी चूक शे. शेवट मी सांगस." पुरातून गुलबाला ओढून काढणारा पाखऱ्या तिसऱ्या दिवशी टांग्यांच्या अड्ड्यावर येऊन उभा राहतो, असा त्यांचा शेवट. बाकावर पुढे बसलेल्या रत्नाने टाळ्या पिटल्या. शेजारचा शकील, गावातल्याच एका टांगेवाल्याचा मुलगा, नुसता हसला. मी मात्र आतल्या आत जळत होतो. माझ्या पानावर पाखऱ्या नदीकाठी बसला होता आणि पुन्हा उठला नव्हता.

पुढे मोबाइल आले, बाक रिकामे झाले, वाचनालय बंद पडले. नानांनी आम्हाला पत्र्याच्या पेटीत घालून घरी नेले. किती वर्षे गेली, कोण मोजणार? अंधारात डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा सोबतीला. फार एकटे वाटे, मित्रांनो. आपल्याला कुणी वाचत नाही, आणि वाचले तरी आपण अपुरेच, हे दुःख मी कुणाला सांगणार होतो?

मग यंदा गुलबावर कॉम्प्युटरने केलेला पिक्चर आला. अमळनेरची माणसे तो बघायला जळगावला जाऊन आली आणि घराघरांत वाद सुरू झाला. पोरे खूश, कारण पाखऱ्याची आयाळ खरीखुरी उडते. मोठ्यांची तक्रार, की गुलबाचे तोंड घासलेल्या पातेल्यासारखे चकचकीत केले आहे. पण नानांच्या तोंडून शेवट ऐकलेले सगळे अमळनेर एका गोष्टीवर मिळून चिडले. पिक्चरमध्ये पाखऱ्या मरतो!

आता शाळेत शिकवणारी रत्ना तणतणत नानांकडे आली. सोबत गॅरेजवाला शकील होता.

"नाना, पिक्चरवाल्यासनी वाटोळं करं! धुळ्याची माझी नणंद म्हणते, पुस्तकात शेवट असाच होता. काढा तो अंक, तिला फोटो पाठवते."

पेटी उघडली. कितीतरी वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. नानांनी सांगितलेला शेवट छापलेलाच होता, अशी इतक्या वर्षांत रत्नाची समजूत झाली होती. तिने मला शेवटपर्यंत उलटले आणि तिथे फाटकी कड तेवढी सापडली.

नाना खाली बघत म्हणाले, "ते पान मीच फाडं."

"का पण?"

नानांनी शकीलकडे पाहिले. "त्याच आठवडाम्हा तुना आब्बाना घोडा मरी जायेल व्हता, भाऊ. तुले ते पान कसं दखाडू?"

नानांनी पेटीच्या तळाचा कागद उचलला. खाली माझे पान होते, घडी न पडलेले. इतकी वर्षे ते माझ्याखालीच होते, आणि मी त्याच्यासाठी झुरत नानांना शिव्या घालत होतो. मला माझीच लाज वाटली.

शकीलने ते वाचले. बाहीने डोळे पुसून म्हणाला, "पिक्चरम्हा पाखऱ्या बसना ना नाना, तवय मी उठीसन बाहेर चालना गऊ. कोणले सांगं नही."

रत्ना डिंक शोधू लागली, तसा तो म्हणाला, "चिकाडू नको. तसंच ठेव. ज्याले जो शेवट पायजे, तो वाचू दे."

रत्नाने पान सुटेच माझ्यात सरकवले आणि पेटी पुन्हा बंद झाली. रत्नाने धुळ्याला फोटो पाठवला की नाही, मला ठाऊक नाही. त्यानंतर कुणी आलेही नाही. मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी चित्रकथा असेल तर पिक्चर बघून झाल्यावर तिलाही एकदा उघडा. पाने सांभाळा, आणि एखादे फाटलेले दिसले तर फाडणाऱ्याला लगेच दोष देऊ नका. तो अपराध माझ्या हातून झाला आहे. अंधार तोच आहे, पण माझे पान आता माझ्या पोटाशी आहे.