फाटे जुळेनात

विल्माने गेल्या वर्षीचा फोटो यंदाच्या फोटोवर तिसऱ्यांदा सरकवला. डोळ्याच्या पडद्यावर शिरांना जिथे फाटे फुटतात, तिथे दोन्हीकडे खुणा करायच्या आणि खुणेवर खूण बसवायची. ती बसली की वर्षभरात काय बिघडलं ते आपसूक दिसतं. इथे मात्र एक फाटा जुळवावा तर दुसरा निसटत होता. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली का, तेही तिने पाहिलं. वायादोलिद शहरातल्या या डोळ्यांच्या दवाखान्यात सहा वर्षं ती हेच काम करत होती, आणि आपल्या हातावर तिचा भारी विश्वास होता.

यंदाच्या फोटोत जागोजागी रक्ताचे ठिपके होते. मागच्या तीन वर्षांचे तिन्ही फोटो लख्ख.

"फिदेलिया मावशी, गेल्या वर्षी इथे तुम्हीच बसला होतात ना?"

फिदेलिया बालाम झग्याच्या काठावरच्या भरतकामाशी चाळा करू लागली. फुलं तिनेच भरलेली होती.

"खोटं कशाला बोलू, पोरी? बेनिता होती. माझी जुळी. तिन्ही वर्षं तीच आली."

"अहो, पण का?"

"मला साखरेचा आजार आहे. तुम्ही म्हणणार, भरतकाम बंद करा. मग मी काय माशा मारत बसू? ती म्हणाली, तू घाबरतेस ना, मी जाते. आणि आमचं सगळं सारखं गं, आईसुद्धा फसायची. तिचे डोळे चांगले म्हणजे माझेही चांगले, असंच मी धरून चालले."

"मग आज कशा आलात?"

"परवा माझ्या पाकळ्या देठ सोडून भलतीकडेच फुलल्या. बेनिताने ते पाहिलं आणि ओढतच आणलं मला."

विल्माला रागवायचं होतं, पण त्या म्हातारीकडे पाहून तिचा राग टिकेना.

"मावशी, चेहरे सारखे असतात. शिरा नसतात. जुळ्यांच्याही नसतात."

"म्हणजे तीन वर्षं मी तिच्या डोळ्यांवर खूश होते?" फिदेलिया हसली. मग हळूच म्हणाली, "आंधळी होणार का गं मी?"

विल्माने कागद पुढे ओढला. "ते डॉक्टर सांगतील. पण आलात, हे फार बरं केलंत."

'जुने फोटो दुसऱ्या व्यक्तीचे. यांना आजच तपासावं,' असं कागदावर लिहून तिने तो डॉक्टरांकडे पाठवला आणि फिदेलियाला हाताला धरून बाहेर आणलं. बाकावर बेनिता बसली होती. तोच पांढरा झगा, तोच अंबाडा.

विल्मा आत वळताच बेनिताने विचारलं, "काय म्हणाली?"

"तुझे डोळे ठणठणीत आहेत म्हणाली."

बेनिताचा चेहरा उतरला. "मीच तुझा घात केला गं."

"गप बस. मला यायचं नव्हतं म्हणून तू आलीस." फिदेलियाने तिचा हात मांडीवर ओढून घेतला.

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडलं आणि नर्सने हाक मारली, "फिदेलिया बालाम!"

बेनिता झटकन उठली. दोन पावलं गेल्यावर थबकली आणि बाजूला सरली. फिदेलिया सावकाश उठली, भिंतीला हात लावत तिच्या जवळून पुढे गेली. दार लागलं तरी बेनिता तिथेच उभी होती.