लांब शिट्टी

नेस्टाने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. ऐंशी पोरं ताटं बडवत दंगा करत असली, तरी तिने हातातली पळी एकदा ओट्यावर आपटली की जेवणघर चिडीचूप व्हायचं. त्यामुळे एक कुत्रा आपलं ऐकणार नाही, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

जेट हे नावसुद्धा बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या लोकांनी ठेवलेलं. काळापांढरा, दोन-अडीच वर्षांचा, मेंढ्या राखणाऱ्या जातीचा. रस्त्यावर भटकताना सापडला होता, आधी कुणाचा होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन घरांनी त्याला नेऊन परत आणून सोडलं होतं. निवाऱ्यातली कॅरिस म्हणाली, "हा तिसऱ्यांदा परत आला तर त्याला कुणी घेणार नाही. मग काय होतं ते मला बोलायला लावू नका." नेस्टाचा नवरा, इद्रिस, जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात दिवसदिवस तिला स्वतःचाच श्वास ऐकू यायचा आणि त्याचा तिला वीट आला होता. ती म्हणाली, "मी नाही परत आणणार."

नियमाप्रमाणे कॅरिस घर बघून गेली, कुंपण हातभर वाढवायला लावलं. कुंपणापलीकडे शेजारच्या एमलिनचं कुरण आणि त्यात दोनशे मेंढ्या. ते बघून ती जरा घुटमळली, पण तिने सही केली. आमच्या वेल्समधल्या ह्या दरीत मेंढ्या दिसणार नाहीत असं घर हवं असेल, तर चर्चच्या तळघरात राहायला जावं लागेल.

पहिल्या महिन्यात जेटने सोफ्याची एक बाजू, इद्रिसची टोपी आणि मागच्या दाराची चौकट खाल्ली. "बस" म्हटलं की तो उभा राहायचा. "ये" म्हटलं की कुंपणाकडे बघत राहायचा. नेस्टाने पुस्तक आणलं, खिशात चीजचे तुकडे ठेवले, गोड बोलली, ओरडली, एकदा तर रडलीही. शेवटी चेंडू फेकायला लागली. आधी वीस वेळा, मग चाळीस, मग खांदा धरेपर्यंत.

एमलिन दगडी गडग्याला टेकून ही गंमत बघायचा. शाळेत दोघं एका बाकावर होती, त्यामुळे बोलण्यात भीडभाड नव्हती.

"दमवतेयस होय त्याला?"

"मग काय करू? मोकळा बसला की घर खातो."

"अगं बाई, तू त्याला शर्यतीला तयार करतेयस. महिन्याभरात तू आडवी पडशील आणि तो म्हणेल, अजून फेक."

"तू तुझ्या मेंढ्या सांभाळ."

"तेच करतोय," एमलिन म्हणाला, आणि ह्या खेपेला हसला नाही.

फेब्रुवारीत एकदा जेट कुंपण ओलांडून गेला. कळपाभोवती लांबून एक चक्कर मारून परत आला, नुकसान काही झालं नाही. दुसऱ्या सकाळी एमलिन दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"नेस्टा, ओळखीखातर एकदाच सांगतो. मेंढ्यांचे दिवस भरत आलेत. पळवल्या की पोटातलं जातं. पुढच्या वेळी मी बंदूक घेऊन येईन. कायदा माझ्या बाजूने आहे, आणि नसता तरी आलो असतो."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच तिला जास्त राग आला. त्या दिवसापासून ती फाटकाची कडी तीनतीनदा तपासू लागली.

एक गोष्ट मात्र तिला आत कुठेतरी टोचत होती. गॅसवरची तिची जुनी केटली, लग्नात मिळालेली, पाणी उकळलं की लांबलचक शिट्टी द्यायची. ती वाजली की जेट असेल तिथे धाडकन जमिनीला चिकटायचा. पोट फरशीला, मान खाली, डोळे वर. चेंडूमागे धावत असला तरी तसाच. शिट्टी थांबली तरी हलायचा नाही.

"कुणीतरी शिट्टी मारून बडवलं असणार ह्याला," तिने कॅरिसला फोनवर सांगितलं.

"शक्य आहे," कॅरिस म्हणाली. "अशा कुत्र्यांपुढे तो आवाजच नको."

नेस्टाला भडभडून आलं. चहाच्या नादात आपण रोज ह्या मुक्या जिवाला घाबरवत होतो! तिने त्याच दिवशी विजेची केटली आणली, पाणी उकळलं की टक् करून गप्प बसणारी. जुनी घासूनपुसून खोक्यात भरली. दर मंगळवारी धर्मादाय दुकानाची गाडी लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विक्रीसाठी न्यायला यायची.

मार्चमधल्या मंगळवारी गाडी आली. नेस्टाने दोन्ही हातांत खोकं धरून कोपराने फाटक ढकललं. तेवढी फट जेटला पुरली.

"जेट! ये! जेट!"

खोकं गाडीवाल्याच्या अंगावर टाकून ती धावली. सदुसष्ट वर्षांची बाई, घरातल्या चपला, ओलं गवत. कुरणात वर पोचेपर्यंत जेटने कळप एका कोपऱ्यात कोंबला होता आणि फुटून बाहेर पडणाऱ्या मेंढ्यांना तो पुन्हा पुन्हा आत रेटत होता. जड पोटाच्या मेंढ्या एकमेकींवर आदळत होत्या. एक आडवी पडली ती उठेना.

पलीकडून एमलिन येत होता. खांद्याला बंदूक, गळ्यात दोरीने अडकवलेली शिट्टी दातांत, पुढे त्याची कुत्री नेल.

"नको! एमलिन, मी धरते त्याला! एमलिन!"

त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. बंदूक उचलली. पण नेल कळपाकडे सुटली आणि नेमकी मध्ये आली. तिला जागीच खाली बसवायला त्याने दातांतली शिट्टी वाजवली. एकच, लांब.

नेल खाली बसली. आणि पन्नास पावलांवर जेटही धाडकन जमिनीला चिकटला. पोट गवताला, मान खाली, डोळे वर.

कुरणात नुसता मेंढ्यांच्या धापांचा आवाज राहिला. जेट इतका स्थिर होता की आंधळ्याचाही नेम लागला असता. एमलिनची बंदूक तशीच रोखलेली होती.

एमलिनने बंदूक खाली केली.

"ह्याला मेंढ्या राखायला शिकवलंय कुणीतरी," तो म्हणाला. "चांगलं शिकवलंय. डावी-उजवीकडे वळायच्या शिट्ट्या ज्याच्या त्याच्या असतात, पण थांबायची सगळीकडे हीच, आणि परत यायचीही एकच."

नेस्टाच्या तोंडून एवढंच निघालं, "केटली."

"काय?"

"तो भीत नव्हता रे. ऐकत होता. घरात तेवढं एकच त्याला कळत होतं, आणि ते मी आत्ता गाडीत घालून दिलं."

तिने जेटला हाक मारली. मग गोड आवाजात, मग रडत. तो हलला नाही. एमलिनने तीन आखूड शिट्ट्या दिल्या, तसा जेट उठला आणि सरळ त्याच्या गुडघ्याशी जाऊन बसला. तीन महिने नेस्टा ज्या एका गोष्टीसाठी चीजचे तुकडे खिशात घेऊन फिरत होती, ती अशी घडली.

पडलेल्या मेंढीपाशी एमलिन गुडघ्यावर बसला. बराच वेळ तिच्या पोटावर हात फिरवत होता. शेवटी त्याने जे बाहेर काढलं ते कोटाखाली झाकलं.

"दोन कोकरं होती," तो म्हणाला.

"तू घे त्याला," नेस्टा कशीबशी म्हणाली. "तुझं ऐकतो तो."

"माझ्याकडे दोन कुत्रे आहेत. तिसऱ्याला काम नाही, आणि काम नसलेला असा कुत्रा काय करतो ते बघतेयसच." त्याने गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. पत्र्याचा वाकवलेला तुकडा, मध्ये भोक, अजून ओला. "जिभेवर धरायची. आधी थांबायची शिक. ती जमेपर्यंत त्याचा दोर सोडायचा नाही. आज नेल मध्ये आली म्हणून मी शिट्टी वाजवली, नेस्टा. पुढच्या वेळी नाही वाजवणार."

चार दिवस झाले. नेस्टा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून शिट्टी फुंकते. खालचे दात खोटे आहेत, ते हलतात. नुसती हवा निघते आणि थुंकी. धर्मादाय दुकानात तिने फोन केला होता, केटली पहिल्याच दिवशी विकली गेली म्हणाले. जेट दोराने टेबलाच्या पायाला बांधलेला असतो. घर खायचं त्याने सोडलंय, चेंडूकडेही बघत नाही. तिने शिट्टी तोंडात घातली की तो पुढे येऊन बसतो आणि तिच्या ओठांवरची नजर हलू देत नाही.

"थांब रे," ती तोंड पुसत म्हणते, "जमेल मला." आणि पुन्हा फुंकते.