नेडीनच्या दारातल्या खुंट्या

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची हद्द संपते तिथून हाकेच्या अंतरावर, केंटकीच्या बाजूला, नेडीनची खाणावळ. टेनेसीत हेल्मेटची सक्ती, केंटकीत एकवीस पूर्ण झालेल्याला मोकळीक. त्यामुळे शनिवारी हद्द ओलांडली की मोटरसायकलवाल्यांच्या टोळ्या पहिल्यांदा तिच्याच दारात थांबत, हेल्मेट उतरवत, कॉफी पीत आणि वारा खायला टेकड्यांत निघून जात. ते जड ओझं दिवसभर वागवायचं कशाला? म्हणून नेडीननं दाराशेजारच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं खुंट्या ठोकल्या. हेल्मेट घ्यायला माणूस संध्याकाळी परत येणार, आणि आला की काहीतरी खाणारच. धंदा झकास चालला होता.

हार्लन त्यातलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दाढी पोटापर्यंत, आवाज खणखणीत. हेल्मेट अडकवताना तो दर वेळी म्हणायचा, “मिस नेडीन, डोकं तुझ्याकडे ठेवून चाललोय. सांभाळ.”

“त्यात आहे काय सांभाळण्यासारखं?” नेडीन म्हणायची, आणि सगळे खिदळायचे.

सरकारनं आपल्या डोक्याची उठाठेव करू नये, फुटलं तर आपलंच फुटेल, हे त्याचं ठाम मत. नेडीनलाही ते पटायचं. इथं ते सगळ्यांनाच पटतं, आणि पटायला पैसे पडत नाहीत.

गेल्या महिन्यात तिच्याच दारासमोर ते फुटलं. नेडीनची मुलगी डार्ला, शाळेची बस चालवणारी, त्या शनिवारी स्वतःच्या गाडीतून खाणावळीच्या आवारात वळत होती. मावळतं ऊन थेट डोळ्यांत. समोरून हार्लन हेल्मेट न्यायला परत येत होता, तोही सावकाश. गाडीचा कोपरा त्याला नुसता लागला. तो आडवा झाला आणि डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं. बाकी अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हतं, पण त्याच रात्री तो दगावला.

पोलिसांनी चूक डार्लाची धरली आणि दंडावर भागवलं. पण हॉस्पिटलात एक डॉक्टर सहज बोलून गेला की हेल्मेट असतं तर हा माणूस आपल्या पायांनी घरी गेला असता. ते डार्लाच्या कानावर पडलं आणि पोरगी खचली. बस सोडली, जेवण सोडलं, दिवसभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून राहू लागली.

“तुझी चूक गाडीला पोचा पडण्याएवढी,” नेडीन समजावायची. “बाकीचं त्याचं त्यानं निवडलं होतं.”

“निवडलं त्यानं, ममा. डोकं त्याचं होतं, मान्य. मग ते माझ्या मानेवर का बसलंय?”

खुंट्या कोणी ठोकल्या, हे पोरीनं एकदाही बोलून दाखवलं नाही. तेच नेडीनला जास्त लागायचं.

आज हार्लनच्या आठवणीत फेरी काढायला टोळी आली. पुढे त्याचा भाऊ व्हर्नन. नेडीनला एवढंच हवं होतं, की यांच्यातल्या कोणीतरी आत जाऊन पोरीशी दोन शब्द बोलावेत. पण आल्या आल्या एकेकानं हेल्मेट काढून खुंटीला अडकवलं.

“हार्लनचं हेल्मेट तसंच राहू दे, मिस नेडीन,” व्हर्नन म्हणाला. “खाली पितळी पाटी लावतो. ‘मोकळा जगला, मोकळा गेला.’”

“आणि ही सगळी?”

“आज कोणीच घालणार नाही. त्याला तेच आवडलं असतं.”

“व्हर्नन, आत माझी पोर बसलीय. तिच्याशी जरा बोलतोस?”

व्हर्नननं कॉफीच्या कपात पाहिलं. तसा तो वाईट माणूस नव्हता. “राग नाही तिच्यावर. सांग तिला. नीट बघून चालव म्हणावं.”

डार्ला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

“नीटच बघितलं होतं,” ती म्हणाली. “तरी चुकले. तुम्ही आता जाल, तेव्हा समोरून येणाराही चुकू शकतो. त्याच्यासाठी तरी घाला.”

कोणी तिच्याकडे बघेना. “ज्याचं त्याचं डोकं, पोरी,” व्हर्नन हळूच म्हणाला. थोड्या वेळानं सगळे उघड्या डोक्यांनी निघून गेले.

नेडीननं हातोडी काढली. हेल्मेटं जमिनीवर ठेवत ती एकेक खुंटी उपटू लागली. हार्लनच्या खुंटीशी आली तेव्हा डार्लानं तिचा हात धरला. त्याचं हेल्मेट उतरवून खुर्चीवर ठेवलं, खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि त्या खुंटीला अडकवल्या.

“इथं गाडीवाचून पावसुद्धा मिळत नाही गं,” नेडीन म्हणाली. “अख्खं आयुष्य कसं काढशील?”

“चालत,” डार्ला म्हणाली आणि घराकडे निघाली.

संध्याकाळी टोळी सुखरूप परतली. जमिनीवरची हेल्मेटं त्यांनी उचलली. काही खायला कोणी थांबलं नाही. नेडीन दारातून बघत राहिली. डार्ला पुन्हा बाहेर पडली होती आणि रस्त्याच्या कडेनं पिशवी घेऊन चालली होती. मोटरसायकली तिच्या शेजारून एकामागून एक गेल्या. टेनेसीची हद्द जवळ आली होती, म्हणून सगळ्यांनी हेल्मेटं घातली होती, पट्टे नीट आवळून.