डाव्या गालाचं वय

"मी गेलो की माझ्या तोंडाचा तो ठसा तुमच्या हातानं फोडा, ताई. पुलावर जा, फोडा, नदीत सोडून द्या. कुणाला दाखवू नका. हिला तर मुळीच नाही."

ऑपरेटर हे बोलला तेव्हा हसत होता. म्हणजे त्याची उजवी बाजू हसत होती. डावी बाजू तांब्याची होती, तिला हसणं ठाऊक नव्हतं. चेहरेबाईनं ब्रश पुसता पुसता "बरं" म्हटलं. एवढंच. पण तिचं बरं म्हणजे बरं असे. दिलेला शब्द म्हणजे लावलेला दिवा, वारा सुटला म्हणून आडोशाचा हात काढून घ्यायचा नसतो, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं होतं.

आणि आज ऑपरेटरची बायको दारात एकटीच उभी होती. हातात त्याच्या चष्म्याची कापडी पिशवी.

"या, वहिनी," चेहरेबाई म्हणाली आणि तिनं पिशवीकडे पाहिलं. विचारायला काही उरलंच नव्हतं.

"छातीनंच दगा दिला," वहिनी खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाली. "शेवटी शेवटी मुखवटा तोंडावर सोसवेना, श्वास लागायचा. मग इस्पितळात पट्टी बांधली. ती काढायची नाही, मेल्यावरसुद्धा नाही, असं डॉक्टरांकडून वदवून घेतलं होतं त्यांनी. तसंच पोचवलं."

तिनं पिशवीतून मुखवटा काढून टेबलावर ठेवला. अर्धा गाल, अर्धी मिशी, हनुवटीचा तुकडा आणि वर ते सगळं धरून ठेवणारा चष्मा. कागदासारखा पातळ तांब्याचा पत्रा, पण त्यावर माणसाची कातडी अशी उतरलेली, की टेबलावर ठेवताना वहिनीनं आधी हातानं टेबल पुसलं.

मोठं युद्ध झालं तेव्हाची ही गोष्ट. खंदकात उभ्या पोरांचं सगळं अंग मातीआड असे, वर डोकवायचं ते तोंड. त्यामुळं मार बसायचा तो तोंडावरच. हात गेला तर बाही दुमडता येते, पाय गेला तर कुबडी मिळते. ज्याचं तोंड गेलं त्यानं काय दुमडायचं? इस्पितळामागच्या गोदामात तेव्हा एका शिल्पकार बाईंनी अशा पोरांसाठी मुखवट्यांचा कारखाना काढला होता. चेहरेबाई त्यांच्या हाताखाली लागली तेव्हा विशीतली होती. आत आरसा आणायला बंदी होती. भरलेल्या जखमेवर प्लास्टर ओतून आधी साचा घ्यायचा, साच्यातून त्या तोंडाचा हुबेहूब ठसा काढायचा, मग पोराचा जुना फोटो समोर ठेवून जे गेलं ते मातीनं भरायचं, त्यावरून तांब्याचा मुखवटा. रंग मात्र मुखवटा त्याच्या तोंडावर चढवूनच द्यायचा, म्हणजे कातडीशी मिळतो. गालाला निळसर झाक हवी, सकाळच्या गुळगुळीत दाढीची आणि संध्याकाळच्या खरखरीची अधलीमधली. इतका बारीक विचार केला होता.

एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. माणूस म्हातारा होतो, तांबं होत नाही.

कारखाना कधीच बंद झाला, ठसे तेवढे चेहरेबाईकडं आले. चेहरेबाई बाहुल्यांची तोंडं रंगवून पोट भरू लागली, दुकानांच्या पाट्या लिहू लागली. अशाच एका दुपारी ऑपरेटर, कारखान्यात मुखवटा मिळालेल्या पोरांपैकीच एक, दारात येऊन उभा राहिला होता. सिनेमाच्या थिएटरात वरच्या खोलीत बसून यंत्र चालवायचा. अंधारातली नोकरी त्यानं मुद्दाम शोधली होती.

"ताई, पंचाईत झालीय," तो म्हणाला होता. "माझी एक बाजू म्हातारी व्हायला लागलीय आणि दुसरी अजून लग्नाला उभी आहे."

तेव्हापासून दर वर्षी थंडी संपली की तो यायचा. "एक वर्ष चढवा, ताई." चेहरेबाई त्याची उजवी बाजू न्याहाळायची आणि तिथं जे जमलं असेल ते डावीकडं उतरवायची. डोळ्याखाली सावली, मिशीत दोनचार पांढरे केस.

"यंदा वहिनींनी फार छळलेलं दिसतंय."

"दोन सुरकुत्यांइतकं. जास्त काढू नका, तिला वाईट वाटेल."

आता वहिनी त्याच्याच खुर्चीत बसली होती.

"यांचं या वर्षीचं तेवढं चढवून द्याल?" तिनं विचारलं. "आले असते ना ते."

समोर उजवा गाल नव्हता. चेहरेबाईनं ब्रश ओला केला आणि म्हणाली, "तुम्ही सांगा, मी काढते."

मग वहिनी सांगत गेली. डोळ्याच्या कोपऱ्यातली रेघ लांबली होती, पार कानशिलापर्यंत. भुवई विरळ झाली होती. आजारपणात गाल बसला होता, अगदी वाटीसारखा. "पत्रा खोल करता यायचा नाही, सावली देते," चेहरेबाई म्हणाली. वहिनी पुढं झुकून पाहत राहिली. "अजून थोडी. हां, पुरे. पुरे, ताई, इतके नव्हते हो थकले." आणि तिचं तिलाच हसू आलं. हसता हसताच तिनं पदर डोळ्यांना लावला.

रंग वाळवायला मुखवटा खिडकीत ठेवला, तेव्हा वहिनी हलक्या आवाजात म्हणाली, "त्यांचा ठसा आहे ना तुमच्याकडं?"

चेहरेबाईचे हात थांबले. ठसा फळीवर होता, सगळ्यात वर, कापडात बांधलेला, तोंड भिंतीकडं. बाकीचे ठसे एकेकाच्या घरच्यांनी नेले होते.

"आहे."

"मला बघायचाय."

"वहिनी, मी शब्द दिलाय त्यांना. कुणाला दाखवणार नाही म्हणून."

"कुणाला म्हणजे मला," वहिनी म्हणाली. आवाज चढला नाही, पण धार आली. "डॉक्टरांनी बघितलं. नर्सनं बघितलं. तुम्ही तर बोटांनी मोजून घेतलंत. आणि जिनं संसार केला ती तेवढी परकी! तुमच्याकडून शब्द घेतला, ताई. माझ्याकडून काहीच घेतलं नाही. मला साधं विचारलंसुद्धा नाही की बाई, तुला भीती वाटेल का?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण जिच्यापासून ती मूठ झाकली, तिला त्या सव्वा लाखाचं काय?

"मी पाहिलंय त्यांना," वहिनी एकदम म्हणाली.

"कधी?"

"लग्नाला दोन वर्षं झाली असतील. तापात पडले होते, झोपेत चष्मा सरकला. दिवा जवळच होता. मी पाहिलं आणि... काही वाटलं नाही हो. शपथ. आपलं माणूस दिसलं, एवढंच. मग मी हळूच काडी परत कानामागं अडकवली. जाग आल्यावर त्यांनी विचारलं, 'नीट आहे ना?' मी म्हटलं, 'नीट आहे.'"

"सांगितलं नाहीत?"

"आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मला वाटायचं, कळलं तर लाजेनं निघून जातील. आणि ते जन्मभर मुखवटा काढून स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून जेवले. ताट मी वाढायची आणि बाहेर येऊन बसायची. अंधारात माझा हात धरून उजव्या गालाला लावायचे. डावीकडं जाऊ लागला की मागं घ्यायचे." तिनं स्वतःच्या तळव्याकडं पाहिलं. "मी एक वाक्य बोलले असते, तर समोरासमोर बसून जेवलो असतो. चोरून बघितलेलं ते बघितलेलं नव्हे. मला एकदा हक्कानं बघायचं होतं."

खिडकीतला मुखवटा दोघींकडं पाहत होता. 'वहिनीला एकदा चेहरा दाखवून टाका,' असं चेहरेबाईही त्याला कधी म्हणाली नव्हती. दर वर्षी विचार यायचा आणि ती रंग कालवायला घ्यायची. आता ही बाई अशीच समोर बसली, तर संध्याकाळपर्यंत आपण कापड सोडू, हे तिला कळून चुकलं. त्याला दिलेला शब्द पाळायचा तर आताच.

ती स्टुलावर चढली आणि दोन्ही हातांनी गाठोडं उचललं. पण स्टूल जुनं, एका पायानं लंगडं. ते डगमगलं तशी वहिनी धावली आणि तिनं गाठोडं झेललं, उराशीच.

चेहरेबाई खाली उतरली. गाठोडं घ्यायला तिनं हात पुढं केला.

वहिनी हलली नाही. तिचा उजवा तळवा कापडावरून सरकत सरकत डावीकडं आला होता. जिथं गाल असायला हवा तिथं तो खोल गेला आणि तिथंच राहिला. ती डोळे मिटून उभी होती.

चेहरेबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. पाठ फिरवली आणि ब्रश धुवायला बसली. ब्रश एकदा धुऊन झाले, मग तिनं तेच पुन्हा धुतले. मागं कापडाची सळसळ येत होती, अगदी हलकी, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तशी.

"ताई, इथं काय होतं? ओठाच्या टोकाला?"

चेहरेबाईनं वळून पाहिलं नाही. "तिथं हसू यायचं," ती म्हणाली. "उजवीकडून सुरू व्हायचं आणि तिथवर पोचायचं. मुखवट्याखाली दिसायचं नाही, पण यायचं."

बऱ्याच वेळानं वहिनीनं गाठोडं आणून टेबलावर ठेवलं. वरची गाठ जशी होती तशीच होती.

"न्या," ती म्हणाली. "म्हणाले होते तसं करा."

चेहरेबाईनं खणातली हातोडी काढून पिशवीत टाकली. गाठोडं उचललं. वजन फारसं नव्हतं, तरी तिनं दोन्ही हात लावले.

"मी येऊ?" वहिनीनं विचारलं.

"रंग ओला आहे अजून. त्यांच्याजवळ कुणीतरी बसायला हवं."

वहिनीनं मान हलवली आणि खुर्ची ओढून खिडकीपाशी नेली, मुखवट्याच्या अगदी समोर, ताटावर बसावं तशी. चेहरेबाईनं चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि पुलाच्या वाटेला लागली.