गोदामाचा भाव

दलालाने खिडकी सरकवली आणि खालच्या नाल्याचा कुबट वास घरात शिरला. इंदिराबाईंनी पदर नाकाला लावला. एसी लावला की खिडकी उघडावीच लागत नाही, असं म्हणत दलालाने काच ओढून घेतली. इंदिराबाईंचा मुलगा बुद्धरत्न मान डोलावत होता. पुण्यातला हा दोन खोल्यांचा फ्लॅट त्याला घ्यायचा होता आणि त्यासाठी गावचं, आळंदचं घर विकायचं होतं.

ते घर इंदिराबाईंनी सरकारी दवाखान्यात आयाचं काम करून एकेक खोली वाढवत बांधलं होतं. ते अख्खं विकून इथलं स्वयंपाकघरही येत नव्हतं.

“तीच वीट, तीच शिमीट. मग एवढा भाव कामून?” त्यांनी विचारलं.

“भाव विटांचा नसतो, आजी. कंपन्या इथून जवळ. पोटासाठी माणूस येतोच, खाली नाला असला तरी,” दलाल हसला.

त्या हसण्याची त्यांना वासापेक्षा जास्त किळस आली. पण पोराच्या तोंडाकडे बघून त्या दुसरी खोली बघायला गेल्या.

दोघं आळंदला परतले, तेव्हा तुरीचा व्यापारी मल्लप्पा घर बघायला आला. चपला न काढता तो सगळ्या खोल्या फिरला. मधली भिंत पाडली की पोती मावतील, म्हणाला. गावातली पोरं पुण्या-बेंगळुरूला गेलेली, राहायला घर घेणार कोण? तेव्हा भाव मिळेल तो गोदामाचा. बोलता बोलता त्याने चुना दिलेल्या भिंतीवर तंबाखूची पिंक टाकली.

बुद्धरत्नने ती पाहिली आणि त्याला बसायला खुर्ची दिली.

“उठा अण्णा,” इंदिराबाई म्हणाल्या. “घर इकायचं न्हाई.”

मल्लप्पा गेल्यावर मुलगा भडकला. जन्मभर भाड्याच्या खोल्या बदलत राहू का, म्हणाला.

“आई, तुला माझं काहीच वाटंना व्हय?”

“लई वाटतंय. पण तिथं माणसाला गरज हाय म्हणून लुटायलेत, हितं माणूसच न्हाई म्हणून लुटायलेत. दोन्हीकडं आपुनच कामून द्यायचं?”

न जेवताच बॅग उचलून तो स्टँडकडे निघाला. त्या दारापर्यंत गेल्या, पण हाक मारली नाही.

मग बादली आणून त्या भिंत घासायला बसल्या. दवाखान्यात उभा जन्म त्यांनी लोकांची घाण काढली होती, कधी नाक मुरडलं नव्हतं. आज मात्र त्यांनी तोंड फिरवलं. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला आणि पुन्हा घासायला लागल्या.